भाड्याची खोली आणि तिचा हिशोब



स्मृतिव्याख्यानासाठी साहित्य, धर्म किंवा स्वातंत्र्यसंग्राम यांपैकी एखादा उन्नत विषय निवडावा, असा आपल्याकडे संकेत रूढ आहे. आणि १९३० साली लष्करी कायदा सोसलेल्या या सोलापूर शहरात तशा विषयांची वाण पडावी असे मुळीच नाही. तरीही मी आज घरभाड्यासारखा रूक्ष, कोर्टकचेरीचा वास येणारा विषय घेऊन आपणांपुढे उभा आहे, याचे कारण एवढेच की, ज्याने आयुष्यात कधी भाडे दिले नाही किंवा घेतले नाही असा मनुष्य या सभागृहात शोधूनच काढावा लागेल, आणि असे असूनही या व्यवहाराचा सरळ हिशोब मांडण्याचे काम आपण वकील आणि दलाल यांच्याकडे सोपवून मोकळे झालो आहोत.

माझे प्रतिपादन आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना ते पटणार नाही त्यांना विरोधाची तयारी करण्यास अवधी मिळेल. भाड्याच्या घरात पैसा गुंतवणारा मनुष्य खरेदीची किंमत, कर्जाचा हप्ता आणि येणारे भाडे या तीन आकड्यांकडे पाहतो; चौथा आकडा दुरुस्तीचा, आणि त्याकडे तो पाहत नाही. भाडेकरूही पाहत नाही. कायदे करणाऱ्यांनी तर अर्धे शतक त्याच्याकडे पाठ फिरवली. सोलापुरातील भाड्याच्या घरांची जी अवस्था आज दिसते, तिचे मूळ मालकाच्या लोभात किंवा भाडेकरूच्या मुजोरीत शोधण्याची आपली सवय आहे. माझ्या मते ते या न लिहिलेल्या चौथ्या आकड्यात आहे.

सोलापुरात भाड्याची खोली ही गिरणीच्या भोंग्याबरोबर आली. १८७७ च्या सुमारास जिला आपण ‘जुनी मिल’ म्हणतो ती गिरणी सुरू झाली, पुढे लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू, जाम या गिरण्या उभ्या राहिल्या, आणि तेलंगणातून पद्मशाली विणकर, कर्नाटकातून व मराठवाड्यातून दुष्काळाने उठलेली कुटुंबे पोट हातावर घेऊन या गावात उतरली. गिरणीमालकांनी काही चाळी बांधल्या, नाही असे नाही. परंतु कामगारांच्या संख्येपुढे त्या अपुऱ्याच होत्या, आणि बाकीच्यांनी पेठापेठांतील वाड्यांच्या सोप्यांत, परसातल्या खोल्यांत आणि बोळातल्या नव्या चाळींत आसरा घेतला. पूर्व भागात घर आणि कारखाना यांत भिंतच नव्हती. खाली माग आणि वर माणसे, किंवा पुढच्या दालनात माग आणि मागच्या अंधारात चूल, अशी रचना असल्यामुळे भाडे जागेचे की मागाच्या जागेचे, हा प्रश्न पुढे कोर्टात गेल्यावरच लोकांना पडला. प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे या शहराची जी सामाजिक-आर्थिक पाहणी केली व जी १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, ती ज्यांना आपले गाव कसे घडले हे जाणून घ्यायचे असेल त्यांनी अवश्य वाचावी. अशी पाहणी वाट्यास आलेली शहरे महाराष्ट्रात फार नाहीत, आणि आपण मात्र तिचे नावही विसरलो.

त्या काळच्या खोलीवाल्याचे अर्थकारण सोपे होते आणि म्हणूनच नाजूक होते. सारे भाडेकरू एकाच गिरणीत, सगळ्यांचा पगार एकाच दिवशी, भाड्याची वसुलीही त्याच आठवड्यात. गिरणी चालली तर मालकासारखा सुखी नाही. गिरणी बंद पडली तर दहाच्या दहा खोल्यांचे भाडे एकाच महिन्यात थकले. ऑगस्ट १९४९ मध्ये जुनी मिल बंद पडली, जानेवारी १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार आपल्या हाती घेतला, आणि त्यातून जे खटले सर्वोच्च न्यायालयात गेले ते घटनेतील मालमत्तेच्या हक्काच्या इतिहासात आजही अभ्यासले जातात. पण त्या महिन्यांत पेठांतल्या खोलीवाल्यांच्या वह्यांत बाकीची किती पाने भरली, याची नोंद कोणत्याही निकालपत्रात नाही. पुढे नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णूची चाके थांबली तेव्हा तोच अनुभव पुन्हा आला. आज विद्यापीठाच्या, वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा एखाद्या कारखान्याच्या भरवशावर खोल्यांवर खोल्या चढवणाऱ्यांनी, आपले सगळे भाडेकरू एकाच दारातून पगार किंवा मनीऑर्डर घेऊन येत नाहीत ना, एवढे एकदा तपासून पाहावे.

आता कायद्याकडे वळतो. भाडेनियंत्रण ही आपल्या समाजवादी पुढाऱ्यांची कल्पना, असा एक समज आहे आणि तो निराधार आहे. पहिल्या महायुद्धात ग्लासगो शहरात शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांमुळे कामगारांची गर्दी झाली, घरमालकांनी भाडी चढवली, पुरुष आघाडीवर असल्यामुळे तेथील स्त्रियांनी भाडेबंदी पुकारली, आणि १९१५ च्या अखेरीस ब्रिटिश पार्लमेंटने भाडी गोठवणारा कायदा केला. तीच युद्धकालीन तजवीज १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात आली, दुसऱ्या महायुद्धात पुन्हा आली, आणि १९४७ च्या कायद्याने स्थिर झाली. त्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे असेल ते ‘प्रमाण भाडे’ ठरवले. हेतू निःसंशय स्तुत्य होता. फाळणी, महागाई आणि घरटंचाई यांच्या त्या दिवसांत भाडेकरूला रस्त्यावर येऊ न देणे हे सरकारचे कर्तव्यच होते. परंतु युद्ध संपले, पंचवार्षिक योजना आल्या आणि गेल्या, आणि मुदतीपुरता म्हणून केलेला कायदा मुदतवाढींवर मुदतवाढी घेत पन्नास वर्षे जगला.

त्याचा परिणाम कायद्याच्या पुस्तकात दिसत नाही, तो छपरावर दिसतो. आपल्याकडच्या जुन्या घरांना माळवद असे. लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर मातीचा जाड थर, आणि त्यावर पांढरी माती. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे छप्पर जेवढा गारवा देते तेवढा काँक्रीटचा स्लॅब आजन्म देणार नाही. पण त्याची एक अट असते. मृग लागण्यापूर्वी दर वर्षी माळवदावर चढून, भेगा बुजवून, नवी पांढरी माती चोपून बसवावी लागते, पन्हळी मोकळ्या कराव्या लागतात, आणि उगवलेले गवत मुळासकट उपटावे लागते, कारण ज्या वाटेने मूळ उतरते त्याच वाटेने पाणी उतरते. आता असा वाडा डोळ्यांपुढे आणा की ज्यातील दोन खोल्यांचे भाडे दरमहा पंधरा रुपये आहे, म्हणजे वर्षाचे एकशे ऐंशी. गाडीभर माती आणि दोन गड्यांची मजुरी यांतच ते संपते, घरपट्टी वेगळी. मालक माळवदावर जाणे सोडतो. तीन-चार पावसाळ्यांत तुळईचे टोक भिंतीत कुजते, वाळवी लागते, भाडेकरू स्वखर्चाने पत्रे टाकतो, मालक त्या पत्र्यांवर ‘विनापरवाना बांधकाम’ म्हणून हरकत घेतो, भाडेकरू भाडे मनीऑर्डरने पाठवतो, मालक मनीऑर्डर नाकारतो, आणि भाडे कोर्टात भरले जाऊ लागते. मग एके वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेचा माणूस येऊन दारावर ‘धोकादायक इमारत’ अशी नोटीस डकवून जातो, आणि ती नोटीस मालकाने पैसे चारून आणवली, असे भाडेकरूला प्रामाणिकपणे वाटते. कधी कधी ते खरेही असते. दोघेही पक्षकार दावा चालवत राहतात आणि ज्याच्यासाठी दावा चालला आहे ते घर मात्र निकालाची वाट न पाहता खाली बसते.

१९७३ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. भाडेकरू म्हणून ठेवले तर कायमचा बसेल, या भीतीने मालक ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणजे परवान्याने जागा देऊ लागले होते. कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानाधारक जागेत होते ते सारे संरक्षित भाडेकरू ठरले. त्या दिवशी जागेत असलेल्यांचे कल्याण झाले, यात शंका नाही. पण त्या दिवसापासून जागा शोधू लागलेल्यांचे काय झाले, ते कुलूप लावलेल्या दारांना विचारावे. २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. त्यांतली सगळीच काही या भीतीने बंद नव्हती, परंतु ‘भाडेकरू निघत नाही’ हे वाक्य आपल्या मध्यमवर्गाच्या अंगात इतके मुरले आहे की कायदा बदलला तरी कुलूप निघाले नाही.

कायदा बदलला तो असा. १९९७ च्या डिसेंबरात मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, १९४० ची भाडी तशीच गोठवून ठेवणे आता न्याय्य राहिलेले नाही असे स्पष्ट म्हटले, मात्र कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ रोजी संपतच असल्यामुळे तो रद्द करण्याचे टाळले. सरकारने मुदत पुन्हा वाढवली आणि अखेर महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आणला. त्यात दर वर्षी चार टक्के वाढ मिळाली. ऐकायला बरे वाटते. पण २००० सालचे पंधरा रुपये चक्रवाढीने वाढवत नेले तरी पंचवीस वर्षांत त्यांचे चाळीस होतात. तेवढ्यात आज एक पोते सिमेंटही येत नाही. जुन्या भाडेकरूंच्या बाबतीत तेव्हा प्रश्न जिथल्या तिथेच राहिला. नव्या व्यवहारांच्या बाबतीत मात्र त्याच कायद्याने, पंचावन्नाव्या कलमाने करार लेखी व नोंदणीकृत असणे सक्तीचे केले, नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली, आणि तसा करार नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानावे असे ठरवले. चोविसाव्या कलमाने मुदत संपल्यावर परवानाधारकास सक्षम प्राधिकाऱ्यापुढे झटपट बाहेर काढण्याचा मार्ग दिला व मुदतीनंतर बसून राहिल्यास दुप्पट रकमेची भरपाई ठरवली. आपल्याकडे अजूनही पाचशेच्या कागदावर अकरा महिन्यांचा करार लिहून, नोटरीचा शिक्का मारून घेऊन, मालक निश्चिंत झोपतो. त्याने झोपू नये.

आता पैशाचा भाग. जुळे सोलापुरात, विजापूर रोडवर किंवा होटगी रोडवर फ्लॅट घ्यावा, बँकेचे कर्ज काढावे, आणि भाड्यातून हप्ता परस्पर फिटून वीस वर्षांनी घर फुकट पदरात पडावे, हे स्वप्न दर रविवारच्या जाहिरातीत छापलेले असते. आकडे घालून पाहू. समजा, फ्लॅट तीस लाखांचा आहे. मुद्रांक व नोंदणीचे आणखी सहा-सात टक्के, आणि ते बहुधा खिशातूनच जातात. वीस लाख कर्ज, साडेआठ टक्के दर, वीस वर्षे मुदत. हप्ता दरमहा १७,३५६ रुपये. भाडे समजा आठ हजार. पहिल्या महिन्याच्या हप्त्यात केवळ व्याजच १४,१६७ रुपये असते, म्हणजे मुद्दल राहू द्या, व्याजाचाही पल्ला भाड्याने गाठत नाही. त्यातून घरपट्टी, सोसायटीची वर्गणी, भाड्याने दिल्याबद्दलचे जादा शुल्क (जे सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, हे किती चेअरमन मानतात ते त्यांनाच ठाऊक), आणि दोन भाडेकरूंच्या मधला एखादा कोरा महिना वजा करा. वर्षाकाठी हाती सत्तर हजार उरले तरी तीस लाखांवर ते अडीच टक्केही होत नाहीत. घराची किंमत वाढेल, असे उत्तर येते. वाढेलही, पण मग तो भावाचा सट्टा झाला, भाड्याचा धंदा नव्हे, आणि सट्टा कर्ज काढून करू नये एवढे शहाणपण आपल्या वाडवडिलांना होते.

याच्या शेजारी या गावची जुनी रीत ठेवून पाहा. मनुष्य खाली स्वतः राहतो, हाती पैसा येईल तसा वर एकेक खोली चढवतो आणि ती भाड्याने देतो. चारशे चौरस फुटांचे बांधकाम समजा सहा-साडेसहा लाखांत झाले आणि भाडे पाच हजार आले, तर कोरा महिना आणि दुरुस्ती धरूनही सात टक्क्यांच्या आसपास पडते. जमिनीची किंमत तुम्ही धरलीच नाही, असा आक्षेप एखादा हुशार श्रोता घेईल, आणि तो बरोबर आहे. परंतु ज्या जमिनीवर आपण राहतो ती विकून पैसे करायचे नसतात तोवर तिची किंमत हिशोबात धरून तरी काय करणार? खरी अडचण दुसरी आहे. अशा बांधकामास बँक कर्ज सहजी देत नाही, कारण जागा पुष्कळदा गुंठेवारीची, उताऱ्यावर आजोबांचे नाव, चार वारसांपैकी एक पुण्यात आणि एक भिवंडीत, आणि वरच्या मजल्याचा परवाना कोणी मागितलेलाच नसतो. ज्या व्यवहारात परतावा अधिक त्याला सावकाराचे दार, आणि ज्यात कमी त्याला बँकेचा गालिचा, अशी ही उलटी तऱ्हा आहे. आपल्या गावच्या नागरी सहकारी बँकांनी वारसनोंद आणि गुंठेवारीचे नियमितीकरण करून देण्याचे काम कर्जाच्या अर्जासोबतच हाती घेतले, तर त्यांना सुरक्षित ऋणको मिळतील आणि गावाला खोल्या मिळतील.

दुरुस्तीच्या त्या चौथ्या आकड्याकडे पाहणारी एक बाई विलायतेत होऊन गेली, तिची हकीकत सांगण्याचा मोह आवरत नाही. ऑक्टेव्हिया हिल तिचे नाव. १८६५ मध्ये रस्किन या विख्यात ग्रंथकाराने आपल्या वडिलार्जित पैशातून लंडनच्या मेरिलबोन भागातील अत्यंत गलिच्छ अशी तीन घरे घेऊन तिच्या हाती सोपवली. अट एकच, गुंतवलेल्या रकमेवर पाच टक्के सुटले पाहिजेत. धर्मादाय करायचा असता तर दोघांनाही तो करता आला असता, पण व्यवहार स्वतःच्या पायावर उभा राहिला तरच दुसरे लोक त्याचे अनुकरण करतील, हे त्यांनी ओळखले होते. बाईने दर आठवड्याला स्वतः दारोदार जाऊन भाडे वसूल केले. थकबाकी चालू दिली नाही, त्या बाबतीत ती कठोर होती. आणि भाड्यातून प्रत्येक घरासाठी दुरुस्तीची एक रक्कम आधीच बाजूला काढली. वर्षात तोडफोड कमी होऊन त्यातले जे शिलकीत राहील त्यातून भाडेकरू सांगतील ती सुधारणा करायची. काच फुटली तर आपल्याच कपाटाचे पैसे गेले, हे मग कोणाला समजावून सांगावे लागत नसे. रस्किनला त्याचे पाच टक्के मिळाले. तिच्या स्वभावात उपदेशाचा अतिरेक होता आणि गरिबांविषयीचे तिचे काही विचार आज ऐकवणार नाहीत, हे मान्य करूनही तिची वही मला आपल्या साऱ्या भाडेकायद्यांहून शहाणी वाटते.

आपल्या आयकर कायद्यात या शहाणपणाची सावली आहे. घरपट्टी वजा जाता भाड्याच्या उत्पन्नातून शेकडा तीस रुपये सरकार सरसकट वजावट देते, मालकाने एक खिळाही ठोकला नसला तरी. ही सवलत घेणाऱ्यांनी त्या तिसांतले दहा जरी वेगळ्या पासबुकात टाकले, तरी गळके नळ आणि ओल आलेल्या भिंती यांवरून होणारी निम्मी भांडणे उद्भवणार नाहीत.

व्यवस्थापनाविषयी फार बोलत नाही. ते ज्याचे त्याला येते. पण या गावात भाडेकरू खोली पाहायला आला की पहिला प्रश्न भाड्याचा करत नाही, ‘पाणी किती दिवसांआड येतं आणि टाकी केवढी आहे’ असे विचारतो, आणि जो मालक पाण्याच्या मोठ्या टाकीवर आधी खर्च करतो त्याची खोली रिकामी राहत नाही. अनामत रक्कम ही परत देण्यासाठी घेतलेली असते, तिच्यात मुलीच्या लग्नाचा मांडव घालू नये. आणि भाडेकरूची पारख त्याच्या पगाराच्या कागदावरून व मागच्या मालकाच्या शब्दावरून करावी, आडनावावरून, धर्मावरून किंवा एकटी बाई आहे म्हणून करू नये. ज्या गावात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एका नळावर बोलल्या जातात, तिथे ‘तुम्ही कोण’ हा प्रश्न खोलीच्या दारात विचारला जावा, याची लाज वाटते, आणि ती मी या व्यासपीठावरून बोलून दाखवतो.

भाडे देऊन थकलेल्यांनी या गावात दुसरी वाटही काढली. विडी कामगार स्त्रियांनी कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली कुंभारीच्या माळावर गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरे उभी केली. २००६ च्या सप्टेंबरात पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हस्ते ती कामगारांना मिळाली. त्यानंतर त्याच परिसरातील रे नगरच्या तीस हजार घरांपैकी पंधरा हजार जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी यांच्या हस्ते दिली गेली. दोन भिन्न राजवटी आणि एक लाल बावटा यांनी मिळून केलेले हे काम अभिमानास्पद आहे. तरीपण ज्या मुलीला परिचारिकेच्या शिक्षणासाठी तीन वर्षे येथे राहायचे आहे, ज्या कारकुनाची बदली होऊन तो आला आहे, ज्या जोडप्याचे घरात पटत नाही, त्यांना मालकीचे घर नको असते. त्यांना खोली हवी असते, आणि ती तुमच्याआमच्या घराच्या वरच्या मजल्यावरच असते.

म्हणून, ज्यांच्या वरच्या मजल्याला आज कुलूप आहे त्यांना माझी विनंती आहे. भीती वाटत असेल तर नोंदणीकृत कराराच्या खर्चाचा आकडा ऐकून घ्या. दरमहा सहा हजार रुपये, तीस हजार अनामत, तीन वर्षांची मुदत असा करार केला, तर एकूण भाडे आणि अनामतीवर दरसाल दहा टक्के धरून होणारी रक्कम मिळून सव्वादोन लाख होतात. त्यावर पाव टक्का मुद्रांक, म्हणजे सहाशेच्या आत, आणि शहरी हद्दीतील नोंदणीचे एक हजार. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाण्याचीही आता गरज उरलेली नाही, ते काम घरबसल्या ऑनलाइन होते. खोली उघडा, भाड्याची पावती द्या, आणि पहिल्या महिन्याच्या भाड्यातूनच दुरुस्तीचे पासबुक काढा.